गाऱ्हाण्यानंतरचा ताप

देवाचं करायला गेले आणि नवऱ्याच्या जिवावर उठले, हे आधी सांगू दे. कृपेचं मागाहून.

ह्यांची बायपास होऊन सतरा दिवस झाले होते. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, दीड महिना पाहुणे नकोत, सर्दीखोकल्याचं माणूस तर अजिबात नको. पण आमच्या लालबागच्या चाळीत बघायला आलेल्याला दारातून परत कसं पाठवणार? शिवाय ऑपरेशनच्या वेळी मी गावच्या देवीला बोलले होते, हे उठून बसले की तुला गाऱ्हाणं घालीन. एकानं देवीपुढे मोठ्यानं म्हणणं मांडायचं आणि जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, ही आम्हा कोकणातल्या लोकांची रीत. मान थोरल्या भाऊजींचा. ते आले ते नाक पुसतच. ‘तोंडाला रुमाल तरी बांधा’ असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण देवीपुढे तोंड बांधून कोणी उभं राहतं का!  एवढ्याशा खोलीत देवीच्या तसबिरीपुढे पंधरा माणसं, आणि भाऊजी ह्यांच्या उशाशी उभे राहून गाऱ्हाणं घालतायत, मध्येच खोकतायत. आणि मला मेलीला धन्य वाटत होतं.

चौथ्या दिवशी ह्यांना ताप भरला. खोकला आला की छातीचे टाके दाबून धरायचे, कळवळायचे. पुढे तर खोकायचंही त्राण उरलं नाही. ओठ निळे पडले तसं परळला इस्पितळात नेलं, थेट आयसीयूत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘घरात कोणी आजारी होतं? कोणी येऊन गेलं?’ मी म्हटलं, ‘नाही हो, कोणीच नाही.’ लाज वाटली. भाऊजींवर बोट कसं दाखवायचं, आणि देवीच्या कामावर तरी कसं? त्या बिचाऱ्या ऑपरेशनच्या जखमेतच काही बिघडलंय का ते शोधत बसल्या. दोन दिवस तसेच गेले. धाप वाढतच होती. बाहेरच्या बाकावर बसून मी देवीला नाही नाही ते बोलले. तुझंच केलं ना गं मी? मग हे काय पदरात घातलंस?

शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. तिनं विचारलं, ‘ताई, कोण आहे आत?’ कुणीतरी विचारलं म्हणून मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, खोटं बोलले तेही.

ती म्हणाली, ‘आम्ही बौद्ध. आमच्यात नवस नाही, गाऱ्हाणं नाही. तुमच्या देवीचं मला काही कळत नाही. पण डॉक्टरला ठाऊकच नसेल तर ती औषध कशावर देणार? माझे मिस्टरपण हार्टचेच. घरात सासूबाईंना ताप होता, मी लपवलं. त्यांना बोल लागेल म्हणून. उठा, आत्ता जा.’

‘आता कोणत्या तोंडानं सांगू?’

‘तोंडाचं नंतर बघू. माणूस आधी.’ तिनं मनगटाला धरून मला उठवलंच.

मी आत जाऊन सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘हे आज सांगताय?’ आणि लगेच भाऊजींना बोलावलं, दोघांच्याही नाकातलं तपासायला घेतलं. दोघांना एकच फ्लू. औषध बदललं. तरी ह्यांना व्हेंटिलेटर चुकला नाही, सहा दिवस नळी होती. वाचले. पण पूर्वीचे राहिले नाहीत. अजून जिन्याच्या चार पायऱ्या चढले की बसावं लागतं.

नळी निघाली त्या दिवशी मी त्या बाईला शोधायला गेले. वॉर्डातल्या मावशींना विचारलं, मी सगळं सांगायला आत आले त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी बसली होती, तिचे मिस्टर कसे आहेत? मावशी म्हणाल्या, ‘अहो, ते तर त्याच दिवशी सकाळी गेले. बॉडी मिळायची होती, म्हणून बसली होती ती.’

मी तासभर तिच्याशी बोलले, आणि तिच्या नवऱ्याचं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

देवीच तिच्या रूपानं आली असं मी म्हणणार नाही. ती आली होती तिचं स्वतःचं दुःख घेऊन, आणि त्यातून माझ्यासाठी उठली. आता देवीपुढे उभी राहिले की मी मागत नाही. जे केलं ते खरं सांगते, पुढचं तिच्यावर सोडते. मग त्या बाईसाठी हात जोडते. नाव विचारायचं राहून गेलं. देवीला ठाऊक असेल, असं धरून चालते.