कटल्याचं पुण्याहवाचन

माझे मेहुणे गिरिधरराव गेली एकवीस वर्षं माशांचं वीर्य तपासत आले. माणूस तंजावरी, राहणार वेस्ट मांबलम, कांद्याचा वासही कसाबसा सोसणारा. ते करतात काय, हे माझी बहीण कनका शेजाऱ्यांपासून लपवून ठेवते. "कोणी विचारलं तर केमिस्ट्री म्हणून सांगा. कसली ते नकों," अशी घरात सक्त ताकीद आहे.

गुम्मिडिपूंडीच्या पुढे नारायणस्वामींचं मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे कटला माशाच्या नरांचं वीर्य काढायचं, त्यातलं पोटॅशियम आणि बाकीचे क्षार मोजायचे आणि कोणता नर बाप व्हायला लायक ते ठरवायचं, हे गिरिधररावांचं काम. पोरीसाठी स्थळ बघणारेसुद्धा इतकी चौकशी करत नाहीत. त्यांचा मंत्र एकच: पाण्याचा थेंब नको. वीर्यातले क्षार शुक्राणूंना झोपवून ठेवतात. पाणी लागलं की ते खडबडून उठतात, मिनिटभर सैरावैरा धावतात आणि संपतात. म्हणून नराचं पोट पुसायचं, सिरिंज कोरडी, बशी कोरडी. ओल्या हाताने कोणी दाराशी आलं तरी हा एरवीचा गरीब माणूस अंगावर धावून जाई.

यंदा नारायणस्वामींनी लॅब बंद करायचं काढलं. बाहेरून तयार पिल्लं स्वस्त मिळतात म्हणे. गिरिधररावांनी हातापाया पडून एक हंगाम मागून घेतला. तीन वर्षं पारखलेले पाच नर होते. त्यांच्या वीर्याने अंडी नीट फळली तर लॅब राहणार होती.

एवढी तयारी झाल्यावर आमच्यातला माणूस काय करील? शास्त्रावर भरवसा ठेवील? छे! गिरिधररावांनी पुण्याहवाचनाला आमच्या गुरुजींना बोलावलं. त्यांना गाडीतून नेणारा शहाणा मीच. वीर्याच्या पाचही बश्या बर्फावर उघड्या मांडलेल्या, आणि मालकांना दाखवायला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तयार. गुरुजींनी कलशात आंब्याची पानं बुडवली आणि भिंती, मालक, बश्या, सूक्ष्मदर्शक, सगळ्यांवर सढळ हाताने पाणी शिंपडलं. एकवीस वर्षं पाण्यावर पहारा देणारे गिरिधरराव तेव्हा डोळे मिटून, हात जोडून, मान पुढे करून उभे होते.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मालक सूक्ष्मदर्शकात बघून हरखले होते. "अप्पप्पा, काय धावतायत! गिरिधर, तुझी लॅब राहिली!"

गिरिधररावांनी बश्यांवरचे शिंतोडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. नर रिते झाले होते, माद्यांची अंडी थांबणारी नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर तोंडाला कुलूप लावलं असतं. मी त्यांचा हात दाबलासुद्धा. त्यांनी तो सोडवून घेतला.

"सर, बघत राहा," ते म्हणाले. मिनिटभरात काचेखाली सगळं शांत झालं. "पाणी पडलं. पाचही बश्या फुकट गेल्या. गुरुजींचा काही दोष नाही. त्यांना मी बोलावलं, बश्या मी उघड्या ठेवल्या. तप्पु माझाच."

इतका राग आणि इतका अभिमान मला एकाच माणसाबद्दल कधी वाटला नव्हता.

नारायणस्वामींनी पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. "म्हणजे गुरुजींनी पाणी शिंपडलं तेव्हा धावत होते," ते म्हणाले, "आणि तू तोंड उघडलंस तेव्हा मेले."

लॅब त्याच आठवड्यात बंद झाली. गुरुजींना पुढच्या हंगामाचं आमंत्रण मात्र तिथल्या तिथेच मिळालं.