बसऱ्याचा आंबा

११ फेब्रुवारी १९४६, सोमवार. त्या दिवशीचं पहिलं काम हरिपूरला जाऊन पेव उघडण्याचं होतं. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र खोलीएवढं. आमचं पेव दोन वर्षं बंद होतं. मुंबईचा दलाल दुपारी येणार होता आणि माझ्या दिरांनी सगळी हळद त्याला द्यायचं कबूल करून टाकलं होतं. मला न विचारता.

पेढीत अर्धा वाटा त्यांचा, अर्धा माझा. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हापासून हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नसे. तिथे लावायची हळद मात्र माझ्याच दुकानातून जाई.

दलालाचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच. "बाहेरदेशी हळद खातंय कोण? रंगाला घेतात. हळकुंड काय नि चुरा काय, त्यांना सारखंच." असं म्हणून आमचं टणक हळकुंड तो चुऱ्याच्या भावाने मागे. हे खरं की खोटं, सांगलीच्या बाजारात कोणालाच सांगता येत नव्हतं. बाहेरदेश पाहिलाच होता कोणी?

माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथे घरटी एक माणूस पलटणीत. लढाई संपली होती, माणसं परतत होती आणि त्यातली बरीच इराकात, बसऱ्याच्या बंदरावर राहून आलेली होती. त्यांना जो तो लढाईचं विचारी. मी संक्रांतीनंतर आठ दिवस माहेरी गेले आणि बाजाराचं विचारलं.

पहिला प्रश्न ठरलेला. "तिथे फसवतात कसं?" चांगलं काय ते कोणीही सांगतो. बाजार खरोखर पाहिलेल्यालाच फसवणूक सांगता येते.

पलटणीत लॉरी चालवणारा एक जण होता. तो म्हणाला, "आवं आक्का, पयला चा पाजत्यात. एवढुशा गिलासात, बिनदुधाचा. चा पोटात गेला की मानूस भाव पाडाया लाजतंय. मंग कापत्यात."

"आणि वजन?"

"मनच म्हनत्यात. पर त्येंचा मन येगळा, आपला येगळा. आन ह्या गावचा मन त्या गावात चालत न्हाई."

बंदरात माल कितीदा उघड्यावर पडतो, ओल कुठे लागते, कोणाच्या सहीवाचून पोतं हलत नाही, हे सगळं त्याने नीट सांगितलं. मी लिहून घेतलं. मग विचारलं, लोक खातात काय?

"खजूर, रोटी, मासं. आन आंबा."

"आंबा?"

"लय! रोटीवर आंबा, अंड्यावर आंबा. बारा म्हैनं."

मी वही मिटली. जिकडे बघावं तिकडे खजुरीची झाडं, आणि हा म्हणतो बारा महिने आंबा. आंब्याची थाप मारणाऱ्याचा चहा आणि मण तरी खरा कशावरून? घरी येऊन मी त्याच्या पानावर आडवी काट मारली.

निघायच्या आदल्या दिवशी मला एक लांगरी भेटला, पलटणीतला स्वयंपाकी. चार वर्षं रोज बाजारहाट त्याच्याकडे. त्याची बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. मी खवचटपणे म्हटलं, "तुम्हीपण बसऱ्याला आंबे खाल्ले असतील."

"खाल्लं की!"

"झाडाला लागलेले?"

तो मोठ्याने हसला. "झाडाचा न्हवं वो आक्का. लोनचं असतंय त्ये. आपल्या मुंबईसनं गेलंय कवातरी, नावासकट. कैऱ्या मिठात घालून जहाजातनं येत्यात आन तिथलं लोक त्येंच्या हातानं लोनचं घालत्यात. पिवाळं धम्मक. बोटं चार दिस पिवळी."

"कशानं पिवळं?"

चुलीपाशी भाकरी तव्यावरच राहिली. "अगं बया! आक्का हळदीच्या यापारी, आन इच्यारत्यात कशानं पिवळं!"

मी त्या बाईच्या हसण्यात सामील झाले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

लांगरी पुढे बोलत होता. नदीकाठच्या बाजारात त्याच्या ओळखीचा एक आंबेवाला होता. त्याची एकच बोंब : मुंबईहून येते ती हळद किडकी, निम्मी माती. लोणचं काळवंडतं, गिऱ्हाईक शिव्या देतं. "म्हनायचा, तुमच्या मुलखात चांगली हळद पिकतच न्हाई का रं?" आंबेवाल्याच्या दुकानाचा पत्ता त्याच्याच हातचा, त्यांच्या लिपीत लिहिलेला होता. लांगऱ्याने तो कागद ट्रंकेतून काढून मला दिला.

म्हणजे आमचं हळकुंड चुऱ्याच्या भावाने घ्यायचं, तिकडे चुराच धाडायचा, आणि आम्हाला सांगायचं की त्यांना कळत नाही.

वाटेत मी लॉरीवाल्याच्या घरी पुन्हा गेले. माफी मागितली नाही. राहिलेले प्रश्न विचारले.

तर त्या सोमवारी हमालांनी पेवाचं तोंड मोकळं केलं. पेवात कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून ते उघडून ठेवायचं, मग दोरीने पेटता कंदील आत सोडायचा. कंदील तगला तरच माणूस उतरतो. दलाल वेळेवर आला. कंदील सोडला, तो अर्ध्या वाटेत विझला.

"थांबायचं," हमालांचा मुकादम म्हणाला.

दलाल खाटेवर बसला. उपरणं सोडून त्याने आपल्या हातावर टाकलं आणि त्याखाली बोटं धरायला हात पुढे केला. आमच्या बाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली, न बोलता. दिरांनी हात पुढे केलाही.

मी म्हटलं, "भावजी, हात मागे घ्या. अर्धा माल माझा आहे. माझा हात काही ते कापडाखाली धरायचे नाहीत. तेव्हा बोलायचं ते तोंडाने बोला."

दलाल हसला. "वहिनी, बोला की. काय म्हणणं आहे?"

"बसऱ्याला आंब्याला हळद लागते. चांगली लागते."

"बसऱ्याला आंबा!" दिरांनी कपाळावर हात मारला. "खजुरीला आंबे लागले का, वहिनी?"

मी दलालाकडेच बघत होते. तो हसला नाही. उपरणं झटकलं, घडी केली, पुन्हा उलगडलं. आंबा कसला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते मला माहीत झाल्याचं आता त्याला कळलं.

"कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"खाऊन आलेल्यांनी."

दिरांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते दलालाला म्हणाले, "म्हणजे असतो?"

दलाल माझ्याकडे वळला. म्हणाला, "शिपायांच्या गप्पांवर धंदा करणार? परवाना, बोट, विमा, तिकडचं कस्टम. बाई माणूस तुम्ही. आख्खं पेव बुडवून बसाल."

"आख्खं पाठवतंय कोण? पाच पोती पाठवणार आहे. एका माणसाला."

"माझ्याकडे असलं चालत नाही. आख्खा माल, नाहीतर काही नाही. आज मिरजेला मुक्काम आहे. उद्या सकाळच्या गाडीआधी निरोप धाडा. नाहीतर मुंबईत तुमचं पोतं कोणी खाली उतरवून घेणार नाही, हे मी बघतो."

"मग बोटीत चढवीन. गोदीत माझ्या माहेरची माणसं आहेत."

तो गेला. दिरांनी डोकं धरलं. त्यांचंही खोटं नव्हतं. पावसाळ्याआत माल गेला नाही तर पेढी वर्षभर बसणार होती, आणि दलालाची धमकी पोकळ नव्हती. ते म्हणाले, "वहिनी, पाच पोत्यांसाठी सगळं घालवणार?"

तेवढ्यात मुकादमाने कंदील दुसऱ्यांदा आत सोडला. तो खालपर्यंत गेला आणि जळत राहिला. मी दिरांना तो दाखवला. "तुम्ही माणूस कधी उतरवता?"

"ते पेवाचं झालं."

"मग बसरा काय पेवापेक्षा उथळ आहे? ही पाच पोती म्हणजे कंदील. विझला तर पाच गेली. तगला तर दलालाला विचारायला नको."

मी हमालांना पाच पोती भरायला सांगितली, तेव्हा सुतळी त्यांनीच आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दलालाला निरोप धाडला नाही. हरिपूरला गेले, शेणामातीचा काला स्वतः तुडवला, आणि मिरजेहून गाडी सुटायच्या वेळेला उरलेल्या हळदीवर पेवाचं तोंड लिंपून बंद केलं.