नर्मदाबाईंचं काळं बोट

मसोलीच्या नर्मदाबाईंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट चाळीस वर्षं काळं होतं. नवी सून असताना दाढ दुखली, तेव्हा सासूनं तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायला नि ती बोटानं हिरड्यांना चोळायला शिकवली. दाढ केव्हाच पडली, मशेरी मात्र राहिली. दिवसातून पाचदा! नवरा हरिश्चंद्र चिकूच्या वाडीतून हाक मारायचा नि या डबी उघडून बसलेल्या.

२०१७ साली नात रियाला दात येऊ लागले. पोर नुसती किरकिर करायची. बाईंना राहवेना. आपल्याला गुण आला तेच औषध, चिमूटभर, त्यांनी तिच्या हिरडीला चोळलं. मायेनंच हो! अर्ध्या तासात पोर ओकून ओकून पांढरीफटक. दवाखान्यात पळापळ झाली, वाचली बिचारी. पण सून कविता, जिचा आवाज कधी चढला नव्हता, ती म्हणाली, "आई, मशेरी सुटेपर्यंत रिया तुमच्या मांडीवर नाही." नि लेकीला घेऊन तलासरीला माहेरी गेली.

बाईंनी डबी उकिरड्यात फेकली. फेकणं सोपं हो! तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला आलं, पडलेल्या दाढेची जागाही ठणकू लागली. नवऱ्यावर आग, कोंबड्यांवर आग. शेवटी दवाखाना गाठला.

"डॉक्टर, पडलेली दाढ ठणकते का हो?"

"दाढ नाही, आजी, मेंदू. तंबाखूनं तिथल्या पेशींवर स्वतःसाठी जादा दारं करून घेतलीत. आता आत कुणी येत नाही, म्हणून सगळी वाजताहेत. दोन-तीन महिने दम धरा, जादाची मिटतील. पण वासाला जपा. वासाची आठवण लवकर पुसत नाही."

"म्हणजे मीच वाईट असं नाही ना?"

"छे! मेंदू एक शिकला, आता दुसरं शिकेल."

शेजारच्या जयश्रीनं तव्यावर तंबाखू टाकली की बाई वाडीत पळायच्या. एकदा मात्र पाय तिच्याच दाराकडे वळले. हात पसरला, स्वतःचं बोट दिसलं, नि रडत रडत माघारी आल्या.

तीन महिन्यांनी कविता आली. तिनं सासूचं बोट हातात घेतलं, हुंगलं. मग रियाला मांडीवर ठेवलं. पोरीनं तेच बोट पकडून तोंडात घातलं नि नव्या दातांनी करकचून चावलं.

"आई गं!" बाई कळवळल्या, पण बोट काढलं नाही. "चाव, बाय, चाव. आता काही नाही त्यात."