सगुणाचं वजन

"हिला जास्त काही देऊ नका. चोरून खाते," मोठे डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

खाटेवर सगुणा होती. घोडेगावकडची, तिशीच्या आतली, अंगानं इतकी स्थूल की कूस बदलली तरी खाट करकरायची. महायुद्धाचे दिवस होते. नगरच्या एका लहान दवाखान्यात मी नुकतीच डॉक्टर म्हणून लागले होते. सगुणाला तिच्या सासूनं बैलगाडीतून आणलं होतं.

"धान्याला कुलूप लावलं, तरी हिचं अंग वाढतंच हाय," सासू म्हणाली. घरी सगुणाला दोन्ही वेळा अर्धी भाकरी मिळे. शेतातलं काम मात्र पूर्ण.

वॉर्डात मोजकंच जेवण सुरू झालं. वजन हललं नाही. राउंड संपला की मी तिच्याजवळ बसू लागले. आवाज घोगरा, कातडी कोरडी, नाडी मंद. भर वैशाखात ती घोंगडी पांघरून असायची.

"थंडी वाजते?"

"लई वाजती, बाई. भूक बी लागती. पन माझं अंग बघून कुनाला खरं वाटंल?"

गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की शरीराचं सगळंच काम मंदावतं. अंग सुजतं, वजन चढतं. मी मोठ्या डॉक्टरांना तसं सांगितलं.

"लठ्ठपणाची कारणं दोनच. जीभ आणि आळस," ते म्हणाले.

"सर, इथं ती चोरणार कुठून? त्या रसाच्या गोळ्या देऊन तरी पाहू."

"द्या. पण डाएट चालूच राहील."

गोळ्या मुंबईहून मागवल्या. हळूहळू सूज उतरली, आवाज मोकळा झाला, घोंगडी पायथ्याशी गेली. सगुणा सकाळी ओव्या गुणगुणू लागली.

न्यायला सासू आली. मी तिला ग्रंथीचं सांगितलं, गोळ्या बंद करू नका म्हटलं.

"गोळीनं कुठं मानूस वाळतंय? तुमी उपाशी ठिवलं म्हून उतरली. आमीच लाड केले."

मोठे डॉक्टर शेजारीच होते. "डाएटचा गुण आहेच," ते म्हणाले. सासूला तेवढं पुरलं.

दिवाळीनंतर सगुणा गोळ्या न्यायला आली. ती छान दिसत होती. सोबत तिची मुलगी होती. बांधा भरलेला, पण डोळे खोल गेलेले.

"हिला काय झालं?"

"सासूबाईनी हिची भाकर तोडलीया. म्हनत्यात, आईवर गेली, आत्ताच आवरली पायजे. मी बोलले तर म्हनत्यात, तू उपाशी राहूनच बरी झालीस की."

मी मुलीला तपासलं. ग्रंथी, नाडी, कातडी, सगळं ठीक होतं. तिला फक्त भूक लागली होती. सासूला दोनदा निरोप पाठवला. ती आली नाही.

एका रोग्यावर दोन उपचार एकदम करू नयेत. गुण कशाचा आला, हे मग घरात ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.