जाड आवाजाची सोय

चार बायका टाळ घेऊन बसल्या की किस्से साठतातच. आमच्या आष्ट्याच्या भजनी मंडळातले निम्मे माझ्या मूर्खपणाचे.

पेटीवर सुमनताई, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "वहिनी, जरा वर म्हणा." मी जोरात म्हटलं. "अजून वर." मी आणखी जोरात. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

सुमनताई शांतपणे म्हणाल्या, "वर म्हणजे बारीक. मोठ्यानं नव्हे."

*

मग त्यांनी टेबलाच्या कडेला फूटपट्टी दाबून धरली. बाहेर लांब सोडली की ती सावकाश हलायची, घुर्र करायची. आखूड सोडली की भराभरा हलून टिर्र. "सावकाश कंप, जाड आवाज. भराभर कंप, बारीक आवाज."

टाळ वाजवणारी हौसाक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "हिची अख्खी भाईर हाय."

*

तालीम आमच्या घरी. मी खालचा सा लावला की फळीवरची परात झणझणायची. बाकीच्या गायल्या की गप्प. हौसाक्कानं परात खाली काढली. मग डब्याचं झाकण वाजायला लागलं.

"ताई, हिलाच खाली काढून ठिवू का?"

*

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, कमी ऐकू यायचं. ट्रान्झिस्टरवर बाप्या बातम्या सांगत असला की मन लावून ऐकायच्या. बाई आली की ट्रान्झिस्टरला थापट्या. "सेल संपलं." आमच्या यांनी दोनदा नवे सेल आणले.

सुमनताई म्हणाल्या, "सेल चांगले आहेत. म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात."

"आणि माझा?"

"तुमचा येत असणार."

आत्याबाई माझं भजन एवढं का वाखाणतात, ते तेव्हा कळलं.

*

सांगलीला स्पर्धा ठरली. सगळ्या काळी चारच्या उंच पट्टीत गाणार, आणि माझा गळा तिथवर पोचेना. मला निदान एक ओळ म्हणायची होती. महिनाभर तांदूळ निवडता निवडता घोटली होती.

हौसाक्का म्हणाली, "तू नुसतं त्वांड हलीव. नंबर आला तर तुझाबी आलाच की."

आत्याबाई माझं गाणं ऐकायला मुद्दाम एसटीनं आल्या. पुढच्या रांगेत बसल्या. तबल्याला हौसाक्काचे मालक. मी जीव तोडून तोंड हलवलं. दुसरा नंबर आला!

खाली उतरले, ढाल आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली. "आवं आत्याबाई, कसं झालं?"

त्यांनी ढाल फिरवून फिरवून बघितली.

"तबला झ्याक झाला. भजन कवा हाय?"