त्याचं इंजिन मी विकत घेतलं

ज्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे तो मला तेव्हाही आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वय झालं की माणसं जुन्या वैऱ्यांबद्दल मऊ होतात म्हणे. माझं तसं काही झालेलं नाही.

ऐंशीच्या दशकात मी नॉर्थ कॅरोलायनात कॉम्प्रेसर बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होतो आणि शनिवारी गाड्यांच्या शर्यतींत उतरायचो. हे कळल्यावर आमच्या मराठी मंडळातली निम्मी माणसं माझ्याशी जपून बोलायला लागली. उरलेल्या निम्म्यांना वाटायचं, मी शर्यती बघायला जातो. गणपतीत एकदा एका डॉक्टरकाकांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "पण यात फ्युचर काय आहे?" मी म्हटलं, "काका, मोदक छान झालेत." त्यांनाही उत्तर नकोच होतं, मला सुनावायचं तेवढं होतं.

सुरुवात मी रोड रेसिंगने केली, विद्यार्थी असताना, एका जुन्या दोन सीटच्या गाडीवर. डोंगराच्या कुशीत चढउतारांचा, डावी-उजवी वळणं घेत जाणारा रस्ता, आणि तिथे येणारी मंडळी म्हणजे वकील, दंतवैद्य, जमिनींचे दलाल. गाडीशेजारी टेबल मांडून चीज आणि वाइन घेत बसायची. फार सभ्य लोक. पहिल्याच मोसमात तिघांनी मला विचारलं की मी कोणाचा मेकॅनिक. दोन लहान शर्यती जिंकलो तरी त्यांची नजर माझ्या हातात पाना शोधायची. त्या सभ्यपणाचा मला इतका वीट आला की नोकरी लागल्यावर मी ती गाडी विकली आणि स्टॉक कारकडे वळलो.

स्टॉक कार म्हणजे दिसायला रस्त्यावरची साधी सेडान, पण आतून सगळं काढून टाकून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेली. आमच्या गावापासून जवळच, तंबाखूच्या शेतांच्या मधोमध, अर्ध्या मैलाचा लंबगोल ट्रॅक होता. नुसतं डावीकडे वळत राहायचं. इथे कोणी चीज खात नव्हतं. इथे सरळ तोंडावर शिव्या देत. इराणमध्ये अमेरिकन माणसं ओलीस धरल्याला फार काळ लोटला नव्हता, आणि माझा रंग बघून स्टँडमधून 'आयातुल्ला' अशी हाक यायची. मी इराणी नाही, इंडियन आहे हे कोणीतरी सांगितल्यावर ते तोंडावर हात आपटून सिनेमातल्या रेड इंडियनांसारखे ओरडायला लागले. लाउडस्पीकरवरच्या निवेदकाने माझं आडनाव उच्चारायचा दोनदा प्रयत्न केला आणि मग नुसता गाडीचा नंबर वाचायला लागला. मला हे बरं वाटलं. निदान कोण कुठे उभं आहे ते कळत होतं.

आणि मग तो. त्याच्या बापाचा जुन्या गाड्यांचा धंदा होता, हायवेला लागून. माझ्याच वयाचा, गुबगुबीत, सतत काहीतरी चघळत असलेला. चार वर्षांत त्या ट्रॅकवरच्या बहुतेक शर्यती त्यानेच जिंकल्या होत्या. दर शनिवारी ट्रेलरवरून गाडी उतरवताना तो मला विचारायचा, "उंट कुठे बांधलास?" आणि आपल्याच विनोदावर हसायचा. शर्यतीत मागून येऊन माझ्या बंपरला हलकी ढुशी द्यायचा आणि पुढे जाताना खिडकीतून हात हलवायचा. त्या हात हलवण्याचा मला ढुशीपेक्षा जास्त संताप यायचा.

मी दुसरा यायचो. कधी तिसरा, पण बहुतेक वेळा दुसरा. आणि मी का दुसरा येतो याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. वळणातून आम्ही दोघं बरोबर बाहेर पडायचो, सरळ रस्त्यावर बरोबर धावायचो, आणि सरळ रस्ता संपता संपता तो माझ्यापुढे गाडीभर निघून जायचा. प्रत्येक फेरीत, त्याच जागी. इंजिनियरला याचा एकच अर्थ लागतो. इंजिन पूर्ण वेगात फिरत असताना त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त ताकद होती, म्हणजे आत नियमाबाहेरचं काहीतरी बसवलेलं होतं. मी कागदावर गणितं करून हे सिद्ध केलं आणि बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. शर्यतींचा तिला तिटकारा होता. तरी दर शनिवारी थर्मासमध्ये चहा घेऊन स्टँडमध्ये बसायची, इतर ड्रायव्हरांच्या बायकांमध्ये, त्या धुरात आणि कल्लोळात. कशाला येतेस, असं विचारलं की म्हणायची, "काही झालं तर तिथे तुमचं स्पेलिंग सांगायला कोणीतरी हवं ना."

त्या वर्षी उन्हाळ्यात एक म्हातारा मला भेटायला आला. शेजारच्या काउंटीत त्याचा वर्कशॉप होता आणि तीन-चार राज्यांतल्या ट्रॅकांवर फिरणाऱ्या मोठ्या मालिकेत त्याची गाडी धावायची. त्याला गाडी चालवणारा आणि इंजिन बांधणारा हवा होता, आणि दोघं एकाच माणसात मिळाले तर उत्तम. "नोकरी सोडून पूर्णवेळ येणार असशील तर पुढच्या मोसमात गाडी तुझी," तो म्हणाला. मोसम संपेपर्यंत सांग म्हणाला.

मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री झोप लागत नव्हती. पण घर होतं, हप्ते होते, शाळेत जाणारी मुलगी होती, आणि बायकोने एकच प्रश्न विचारला, "तुम्ही खरंच तेवढे चांगले आहात का?" तिने तो कुत्सितपणे विचारला नव्हता, म्हणून मला जास्त लागला. मी म्हटलं, आहे. तो भामटा फसवून जिंकतो. त्याचं इंजिन सरळ असतं तर पहिला मी आलो असतो. ती म्हणाली, "मग तसं दाखवा. दाखवलंत तर नोकरी सोडा, मी जास्तीच्या शिफ्ट घेईन."

दाखवायचा रस्ता ट्रॅकच्या नियमातच होता. त्याला क्लेम म्हणत. शर्यत संपल्यावर जिंकणाऱ्याचं इंजिन कोणीही हरलेला ड्रायव्हर ठरलेल्या किमतीला मागू शकायचा, आणि जिंकणाऱ्याला ते तिथल्या तिथे काढून द्यावं लागायचं. नाही दिलं तर जिंकलेली शर्यत गेली. हेतू असा की कोणी चोरटं, महागडं इंजिन बसवू नये, कारण ते कधीही हातचं जाऊ शकतं. नियम सगळ्यांना पाठ होता आणि वापरत कोणीच नव्हतं. क्लेम करणं म्हणजे चारचौघांत त्या माणसाला चोर म्हणणं. परक्याने तसं म्हणणं तर विचारायलाच नको.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी तो जिंकला, मी दुसरा आलो, आणि मी गाड्या तपासणाऱ्या इन्स्पेक्टरपाशी जाऊन क्लेम म्हटलं. इन्स्पेक्टर पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्याने मला विचारलं, "नक्की?" मी हो म्हटलं. बातमी पिट्समध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, पसरली आणि माणसं हातातली कामं सोडून बघायला आली. ज्यांना तो आवडत नव्हता तेही माझ्याकडे मी कोणाच्या घरात शिरल्यासारखे बघत होते. एकजण माझ्या बुटांशेजारी थुंकला.

तो चिडेल, नाही म्हणेल, आणि तिथेच माझं काम होईल, असा माझा हिशोब होता. पण तो हसला. त्याने आपल्या माणसांना हाक मारली, इंजिन उचलायचा चेनचा घोडा आणला, आणि तासाभरात इंजिन काढून माझ्या ट्रेलरवर ठेवलं. वर इंजिनावर थाप मारून म्हणाला, "तिची काळजी घे. तिला कुंकवाचा वास चालत नाही." कुंकवाबद्दल त्याला कुठून कळलं होतं कोण जाणे. मी इंजिन ट्रेलरला बांधायला घेतलं. घरी येताना गाडीत बायको म्हणाली, "एवढ्या सहज दिलं." मी म्हटलं, नाटक आहे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी गॅरेजमध्ये ते इंजिन उघडलं. माझं एक इंजिन आधीच तिथे पसरलेलं होतं, त्यात हे दुसरं. घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं. झाकणं काढली, सिलिंडरवरची हेड काढली, झडपा उघडणारा कॅमचा दांडा बाहेर काढला. सिलिंडरची रुंदी मोजली. पिस्टनची चाल मोजली. हेडच्या खळग्यांत तेल ओतून ते किती मावतं ते मोजलं, कारण चोरी बहुतेक तिथेच असते. सगळं नियमात होतं. मग मी सगळं परत मोजलं. कॅम तर दुकानात मिळतो तसा होता, अगदी मुळमुळीत. दोन पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या आणि एका सिलिंडरला ओरखडा होता. माझं इंजिन याच्यापेक्षा चांगलं होतं, थोडंसं नाही, बरंच चांगलं. मी एका हातात त्याचा कॅम आणि एका हातात माझा घेऊन उभा राहिलो.

दुपारी बायको कामावरून आली आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून गॅरेजच्या दारात उभी राहिली. "काय निघालं?"

खोटं बोलता आलं असतं. तिला कॅममधलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही. साधं इंजिन आहे."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"स्टँडमधून ऐकू येतं. वळण यायच्या आधी तुमच्या गाडीचा आवाज पडतो. सगळ्यांच्या आधी. त्याचा नंतर पडतो." तिने पर्स खांद्यावरून काढली. "तुम्हाला आत ऐकू येत नसेल, हेल्मेट असतं. पण आम्हाला सगळ्यांना येतं. शेजारच्या बायकांनाही माहीत आहे."

मला पूर्ण कळायला क्षणभर लागला. सरळ रस्ता संपता संपता तो पुढे निघून जात नव्हता. मी मागे राहत होतो. ॲक्सिलरेटरवरून माझा पाय त्याच्या आधी उठत होता, प्रत्येक फेरीत, त्याच जागी, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग सांगितलं का नाहीस? मी इतकी गणितं करत होतो, तू बघत होतीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही पाय उचलला नसता," ती म्हणाली, आणि घरात गेली.

मला इतका राग आला की मी त्याचा कॅम जमिनीवर आपटला. राग तिचाच आला. माझ्या भित्रेपणावर ती चार वर्षं शनिवार काढत होती, आणि ते तिला पसंत होतं. आठवडाभर आम्ही मिठापुरतं आणि मुलीच्या शाळेपुरतं बोललो.

पुढच्या शनिवारी मी ठरवून गेलो की पाय उचलायचा नाही. तो नवं इंजिन घालून आला होता आणि त्याने मला उंटाबद्दल विचारलं. वळणातून आम्ही बरोबर बाहेर पडलो. सरळ रस्त्यावर बरोबर धावलो. भिंत जवळ यायला लागली, मी दात आवळले, आणि पाय वर आला. मी उचलला नाही, तो आला. या वेळी कान तिकडेच होते, त्यामुळे हेल्मेटमधूनही मला माझा आवाज पडलेला ऐकू आला, आणि त्याचा तसाच पुढे जात राहिलेला. पुढच्या फेरीतही तेच झालं. त्याच्या पुढच्याही. मी दुसरा आलो. बायकोने थर्मासमधला चहा कपात ओतून मला दिला आणि मी तो प्यायलो.

सोमवारी कारखान्यातून मी त्या म्हाताऱ्याला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात, मला भेटल्यानंतर, तो माझ्या दोन शर्यती स्टँडमध्ये बसून बघून गेला होता. इंजिनं बांधायला मात्र शनिवार-रविवार येत जा, एवढंच तो म्हणाला. मी नाही का म्हणतो, हे त्याने विचारलं नाही.