मोहाखालची कुत्री

संताप आला की गुणवंतराव रामटेके चष्मा पुसू लागत. त्या सकाळी आठ वाजेपर्यंत त्यांनी तो चार वेळा पुसला होता. तळेटोल्याच्या शाळेसमोर गडचिरोलीच्या एका प्राणिमित्र संस्थेची गाडी उभी होती. गाडीत बर्फाच्या पेटीत चाळीस कुत्र्यांना पुरेल एवढी रेबीजची लस होती, डॉक्टर नंदिनी होत्या, आणि मैदानात एकही कुत्रे नव्हते. ज्या गावात शिरताना पाहुण्याला एरवी हातात काठी घ्यावी लागते, त्या गावात आज भुंकायलाही कोणी उरले नव्हते.

गुणवंतराव आरमोरीच्या एका बौद्ध शेतमजूर कुटुंबातले पहिले नोकरदार. तेहेतीस वर्षे ते धानोऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, डॉक्टर येईपर्यंत बैल दाबून धरणे हे त्यांचे काम. त्या नोकरीत त्यांना एक गोष्ट कळली होती. बैलाला मालक असतो, म्हणून त्याला आजार होतो. कुत्र्याला मालक नसतो, म्हणून त्याला नुसती खोड असते. निवृत्तीनंतर दर मंगळवारी ते आपल्या ओसरीवर कुत्र्या-मांजरांना फुकट औषधपाणी करीत. लोक जनावर आणत, पण जखमेवर आधी मोटारसायकलचे जळके ऑइल फासून. आधी ऑइल, मग गुणवंतराव, हा क्रम त्यांना सात वर्षांत बदलता आला नव्हता.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडी तळेटोल्यात एक पिसाळलेले कुत्रे शिरले आणि दोन वासरे दगावली. गावातल्या पुरुषांनी एकाच सकाळी अकरा कुत्री काठ्यांनी मारली. त्यांतली पिसाळलेली किती, हे कोणी विचारले नाही. महिनाभर जिच्या मानेतले किडे गुणवंतरावांनी वेचले होते, ती कुत्रीही त्या अकरांत होती. त्यानंतर त्यांनी संस्थेकडे पाच खेपा घातल्या, तेव्हा ही गाडी आली. अट एकच होती: प्रत्येक कुत्र्यापुढे सांभाळणाऱ्याचे नाव आणि सही. अशी पंचवीस नावे भरली, तर लस दर वर्षी येणार. नाही भरली, तर गाव यादीतून जाणार. मग पुढच्या पिसाळलेल्या कुत्र्याला पुन्हा काठ्या, आणि त्याच्याबरोबर बाकीच्यांनाही.

नावांसाठी ते सहा महिने दारोदार फिरले. प्रत्येक दारात उत्तर तेच: "आमचा नोहे जी, गावाचा हाय."

शाळेच्या पायरीवर म्हातारे बापूजी उन्हाला बसले होते.

"बापूजी, कुत्रे कुठी गेले सारे?"

"मोहावर."

"मोहावर?"

"फूल पडून राह्यलं ना जी. बाया पहाटेच गेल्या जंगलात. कुत्रे इथी राहून काय करतीन? शाळा शिकतीन?"

डॉक्टर नंदिनींनी घड्याळ पाहिले. "काका, आपल्याला अकराला निघायचं आहे. ही तारीख ठरवली कोणी?"

गुणवंतरावांनी पाचव्यांदा चष्मा पुसला. तारीख त्यांनीच ठरवली होती. शाळेला विचारले, ग्रामपंचायतीला विचारले, गाडीच्या चालकालाही विचारले. मोहफुलांच्या मुलखात जन्म घालवलेल्या माणसाने मार्च महिन्यात मोहालाच तेवढे विचारले नव्हते. या दिवसांत अस्वल फुलांवर येते, वाघाचा नेम नसतो. कुत्र्यावाचून एकही बाई रानात पाऊल टाकत नाही. हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक असून सुचले नाही, याचाच त्यांना सर्वांत जास्त राग आला.

"पेटी उचला," ते चालकाला म्हणाले. "आपणच जाऊ."

रानात प्रत्येक घराची मोहाची झाडे पिढ्यांपासून ठरलेली. फूल दिसावे म्हणून बुंध्याभोवतीचा पाचोळा जाळून जमीन काळी केलेली, आणि त्या काळ्या वर्तुळावर टपोरी पिवळसर फुले. प्रत्येक वर्तुळात एक कुत्रे पोटाला राख माखून पसरले होते. एकाचे कुत्रे दुसऱ्याच्या झाडाखाली जात नव्हते.

"काका," नंदिनी हळूच म्हणाल्या, "यांना मालक नाहीत म्हणाला होतात ना?"

"मी नाही म्हणालो. हे गाववाले म्हणाले," गुणवंतराव दात चावत म्हणाले.

पहिल्याच झाडाखाली ठमाबाई टोपली भरत होती. तिच्याशेजारी शेपूट तुटलेली कुत्री, लांडी, बसली होती.

"ठमाबाई, ही कोनाची?"

"गावाची."

"गावाची हाय तर तुह्या झाडाखाली काऊन बसली?"

"तिची मर्जी. मी का आवतन देल्लं तिले?"

चालक जाळी घेऊन पुढे सरकला. लांडी उठली, गुरगुरली आणि झुडपात शिरली. गुणवंतरावांनी हाक मारली, चालकाने चुचकारले. पाला हलला, पण लांडी बाहेर आली नाही. पेटीतला बर्फ विरघळत होता.

"अशानं येत नसते ते," ठमाबाई वैतागून म्हणाली. "सरका तिकडं. ये वो लांडे, ये माय!"

लांडी आली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून पडली. नंदिनींनी मानेची कातडी चिमटीत धरून सुई टोचली. लांडी हलली नाही.

"आता लिवू नाव?" गुणवंतरावांनी कागद पुढे केला. "का आताबी गावाचीच?"

ठमाबाई कागदाकडे पाहत राहिली. "उद्या चावली कोनाले, तर माह्यावरच येईन ना?"

"येईन."

"अन् कोनी काठी घेऊन आला, तर हा कागद दाखवता येईन? का ही माही हाय, हात लावू नोको?"

"येईन."

"मंग लिवा."

"अवो बाई, हेच तर सांगून राह्यलो मी सहा महिन्यांपासून!"

"नाई जी. तुमी नुसती सही मागून राह्यले होते."

तिने राखेचाच अंगठा कागदावर उठवला. गुणवंतरावांनी सवयीने चष्मा काढला. रुमालालाही राख लागली होती, काच अधिकच काळी झाली. पलीकडच्या मोहाखालून एका बाईचा चिडका आवाज आला:

"ओ भाऊ, मंग माह्या भुऱ्याले काऊन सोडता? त्याचंबी लिवा. अन् लवकर करा जी, फूल सुकून राह्यलं!"